लोखंडाचा मोमेंट जुळला, पण फंक्शनल जुळलं का?

डेन्सिटी फंक्शनल थिअरीत पदार्थाची ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून काढतात, आणि त्यासाठी लागणारं अंदाजी सूत्र म्हणजे फंक्शनल. पीबीई, स्कॅन आणि एचएसई ही फंक्शनल्सच्या शिडीवरच्या चढत्या पायऱ्यांची नावं, आणि मोमेंट म्हणजे दर अणूचं चुंबकी बळ. प्रश्न थोडक्यात असा आहे: "लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या तीन धातूंवर पीबीई, स्कॅन आणि एचएसई ही फंक्शनल्स तपासतो आहे. शिडीची वरची पायरी म्हणजे जास्त अचूकता, असं शिकलो होतो. पण लोखंडाचा मोमेंट पीबीईत २.२, स्कॅनमध्ये २.६ आणि एचएसईत २.९ च्या घरात येतोय. प्रयोगातली किंमत २.२२ बोर मॅग्नेटॉन आहे. माझ्या कॅल्क्युलेशनमध्ये काही चुकतंय का? की पीबीई सर्वोत्तम असं लिहून मोकळा होऊ?"

चुकत नाहीये. आणि मोकळेही होऊ नका.

तुमचे आकडे बरोबर आहेत. स्कॅन २०१५ मध्ये आलं, आणि २०१८ मध्ये एकाहून जास्त गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ते लोखंडाला २.६ च्या आसपास, कोबाल्टला १.८ च्या जवळ आणि निकेलला पाऊण बोर मॅग्नेटॉनच्या आसपास मोमेंट देतं. तिन्ही जास्त. एचएसई लोखंडाच्या बाबतीत त्याच्याही पुढे जातं. म्हणजे तुम्ही एक माहीत असलेला निकाल पुन्हा काढला आहे. याला कमी समजू नका, कारण आता तुमचा सेटअप विश्वासार्ह आहे असं धरून पुढे जाता येईल. खरी अडचण दुसऱ्या अर्ध्या प्रश्नात आहे. मोमेंट हा एकच आकडा आहे, आणि एका आकड्यामागे खूप काही लपतं. धातू किती चुंबकी झाला यापेक्षा तो किती सहज चुंबकी होतो, हे फंक्शनलला विचारायला हवं. या दोन प्रश्नांची उत्तरं नेहमी एका दिशेला जात नाहीत.

आधी त्या २.२२ कडेच नीट बघा. हा एकूण मोमेंट आहे, स्पिन आणि ऑर्बिटल दोन्ही मिळून. लोखंडात ऑर्बिटलचा वाटा ०.०८ ते ०.०९ च्या घरात आहे, म्हणजे निव्वळ स्पिनचा मोमेंट साधारण २.१३. स्पिन-ऑर्बिट (स्पिन आणि कक्षीय गतीतला दुवा) न लावता चालवलेल्या कॅल्क्युलेशनची तुलना या २.१३ शी करायची. पीबीईचा २.२ पाहून "तंतोतंत जुळलं" म्हणणारे बरेचदा स्पिनचा आकडा एकूण आकड्याशी जुळवत असतात. कोबाल्टमध्ये हा फरक आणखी मोठा आहे: एकूण १.७२, त्यातला ऑर्बिटलचा वाटा ०.१५ च्या आसपास. निकेलमध्ये एकूण ०.६१६ पैकी ०.०५. निकेलचा पीबीई स्पिन मोमेंट ०.६३ येतो, खरा स्पिन मोमेंट ०.५७ च्या आसपास आहे. म्हणजे पीबीईसुद्धा तिन्ही धातूंत थोडं वरच आहे. जुळणी चांगली आहे, पण तक्त्यात दिसते तेवढी नाही.

आता निकेलची गंमत. निकेल हा "बलवान" फेरोमॅग्नेट आहे. इथे बलवान म्हणजे मोठा मोमेंट असलेला नव्हे. बहुसंख्य स्पिनचा डी-पट्टा (डी-ऑर्बिटलांपासून बनलेला ऊर्जापट्टा) पूर्ण भरलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा पट्टा एकदा भरला की एक्स्चेंज स्प्लिटिंग (दोन स्पिनच्या पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर) आणखी वाढवलं तरी मोमेंट फारसा हलत नाही, कारण हलवायला इलेक्ट्रॉनच उरत नाहीत. मोमेंट ठरतो डी-पट्ट्यातल्या रिकाम्या जागांवरून. म्हणून एलएसडीए (शिडीची सर्वांत खालची पायरी) निकेलचा मोमेंट ०.६ च्या आसपास म्हणजे जवळपास बरोबर देतं, आणि त्याच वेळी एक्स्चेंज स्प्लिटिंग मात्र प्रयोगातल्या ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दुप्पट देतं. मोमेंटच्या तक्त्यात ही चूक दिसतच नाही. कोबाल्टचंही असंच. लोखंडात मात्र बहुसंख्य पट्टा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे फंक्शनलने जरा जास्त जोर लावला की मोमेंट लगेच चढतो. तुमच्या तीन धातूंपैकी खरा संवेदनशील एकच आहे, बाकीचे दोघे स्वभावानेच फंक्शनलची चूक झाकतात. आणि तरीही स्कॅन निकेलला पाऊणपर्यंत नेतं, म्हणजे तिथे डी आणि एसपी पट्ट्यांतली इलेक्ट्रॉनांची वाटणीच सरकलेली आहे. माझ्या मते लोखंडाच्या २.६ पेक्षा निकेलचा हा आकडा जास्त गंभीर आहे.

स्प्लिटिंगचा मुद्दा निघाला आहे तर एक इशारा. कोन-शॅम पट्ट्यांची (कॅल्क्युलेशनमधून येणाऱ्या इलेक्ट्रॉन पट्ट्यांची) फोटोएमिशनशी (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून पट्टे मोजण्याच्या प्रयोगाशी) तुलना उद्बोधक असते, पण तिच्यावर फंक्शनलचा निवाडा करू नका. अचूक फंक्शनल मिळालं तरी त्याचे पट्टे फोटोएमिशनशी जुळतीलच अशी हमी सिद्धांत देत नाही. निकेलचं ६ इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचं सॅटेलाइट (फोटोएमिशनमधलं जादा शिखर) कुठल्याही साध्या फंक्शनलमध्ये दिसणार नाही, कारण तो अनेक-इलेक्ट्रॉन परिणाम आहे. स्पिन घनता मात्र सिद्धांताच्या कक्षेत येते. त्यामुळे मोमेंट, एकूण ऊर्जा आणि रचना या न्याय्य परीक्षा, आणि पट्ट्यांचा फरक ही नोंद.

पुढचा प्रश्न मी प्रत्येक नवख्याला विचारतो: मोमेंट कोणत्या आकारमानावर काढला? एलएसडीएमध्ये लोखंडाचा लॅटिस कॉन्स्टंट (अणूंच्या जालकातल्या घनाची बाजू) २.७६ अँग्स्ट्रॉमच्या आसपास येतो, पीबीईत २.८३, आणि प्रयोगात खोलीच्या तापमानाला २.८६६ (तापीय प्रसरण आणि शून्यबिंदू कंपनं वजा केली तर २.८५ च्या आसपास). एलएसडीएला प्रयोगाचा लॅटिस दिलात तर मोमेंट २.२ च्या जवळ येतो, आणि स्वतःच्या आखूड लॅटिसवर सोडलंत तर २ च्या खाली-वर. मग एलएसडीए चांगलं म्हणायचं की वाईट? मोमेंट आणि आकारमान एकमेकांत गुंतलेले आहेत. मोमेंट वाढला की जालक फुगतं आणि जालक फुगलं की मोमेंट वाढतो. स्कॅनने लोखंडाचा लॅटिस प्रयोगाच्या अगदी जवळ आणलेला दिसेल. त्यावर खूश होण्याआधी लक्षात घ्या की त्या फुगण्यात अवाजवी मोमेंटचा हातभार आहे. म्हणून दोन रकाने हवेत: प्रायोगिक आकारमानावरचा मोमेंट आणि फंक्शनलच्या स्वतःच्या समतोलावरचा. पहिल्यातून इलेक्ट्रॉनिक चूक सुटी दिसते, दुसऱ्यात ती आकारमानाच्या चुकीशी मिसळलेली असते.

या गुंत्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८५ चं. वांग, क्लाइन आणि क्राकाउअर यांनी दाखवलं की एलएसडीएच्या मते लोखंडाची स्थिर अवस्था बीसीसी (घनाच्या मध्यभागी अणू असलेली रचना) फेरोमॅग्नेट नाहीच, ती बिनचुंबकी घट्ट-रचित अवस्था आहे. मोमेंटचा आकडा ठीकठाक आणि धातूची रचनाच चुकीची! १९८९ मध्ये बाग्नो, जेप्सेन आणि गुन्नारसन यांनी ग्रेडियंट दुरुस्तीने ही चूक सुधारते असं दाखवलं, आणि चुंबकी धातूंसाठी जीजीए (ग्रेडियंट दुरुस्ती असलेली फंक्शनल्स, पीबीई त्यांतलंच) वापरण्याचा पायंडा तिथून पक्का झाला. तेव्हा तुमच्या तपासणीत बीसीसी आणि एचसीपी (षटकोनी घट्ट-रचित) लोखंडाच्या ऊर्जेतला फरक हवाच. जमलं तर दाबाखाली बीसीसीतून एचसीपीत होणारं संक्रमणही काढा. प्रयोगात ते सुमारे १३ गिगापास्कलला होतं. जे फंक्शनल चुंबकी अवस्थेला गरजेपेक्षा जास्त स्थिर करतं, ते हे संक्रमण वर ढकलणार. मोमेंट न मोजताही फंक्शनलचा कल पकडण्याची ही चांगली युक्ती आहे.

आता माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी साधन: फिक्स्ड स्पिन मोमेंट. श्वार्त्स आणि मोन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली आणि आज बहुतेक कोडमध्ये ती एका ओळीची सेटिंग आहे. एकूण मोमेंट बांधून ठेवायचा, शून्यापासून तीनपर्यंत बारीक पावलांनी, आणि प्रत्येक पावलावर ऊर्जा काढायची. मग मोमेंट विरुद्ध ऊर्जा असा वक्र मिळतो. त्याचा तळ म्हणजे तुम्हाला आधीच माहीत असलेला मोमेंट. पण वक्रात त्याखेरीज बरंच काही असतं. तळाची खोली म्हणजे चुंबकी होण्याने मिळणारी ऊर्जा. लोखंडासाठी ती पीबीईत अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आणि स्कॅनमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. मोमेंटमधला वीस टक्क्यांचा फरक ऊर्जेत दुप्पट होऊन बाहेर येतो! मिश्रधातूची निर्मिती-ऊर्जा, दोषाची ऊर्जा, दोन अवस्थांमधला फरक हे सगळं या ऊर्जेवर उभं असतं, त्यामुळे व्यवहारात मोमेंटपेक्षा हीच चूक जास्त महागात पडते. तळाजवळची वक्रता सांगते की मोमेंटची लांबी बदलायला किती कष्ट पडतात. आणि शून्य मोमेंटजवळची वक्रता म्हणजे स्टोनरचा निकष (धातू आपोआप चुंबकी होईल का, याची कसोटी), आकड्यांच्या रूपात.

हा शेवटचा भाग बिनचुंबकी धातूंसाठी सोन्यासारखा आहे. पॅलेडियम घ्या. ते चुंबकी नाही, पण अगदी उंबरठ्यावर आहे. पट्ट्यांवरून अपेक्षित असते त्याच्या कितीतरी पट त्याची ससेप्टिबिलिटी (बाहेरच्या चुंबकी क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) असते. शून्याजवळची वक्रता थेट या मोजलेल्या ससेप्टिबिलिटीशी ताडून बघता येते. पीबीईत पॅलेडियम काठावर डुगडुगतं, लॅटिस किंचित ताणला की मोमेंट उगवतो. स्कॅनसारखी फंक्शनल्स त्याला आणखी त्या बाजूला ढकलतात. तुमच्या यादीत फक्त चुंबकी धातू आहेत, आणि आपल्या क्षेत्रातली ही जुनी खोड आहे. आजारी माणसांवरच तपासलेली चाचणी निरोग्याला आजारी ठरवते की नाही, हे कसं कळणार? पॅलेडियम आणि व्हॅनेडियम यादीत घाला. लोह-अ‍ॅल्युमिनियमचं एकास-एक संयुग घाला: प्रयोगात त्यात चुंबकी क्रम दिसत नाही, आणि एलएसडीए व पीबीई दोन्ही लोखंडाच्या अणूवर ०.७ च्या आसपास मोमेंट ठेवतात. म्हणजे तुमचं लाडकं पीबीईसुद्धा इथे आपटतं.

मात्र या काठावरच्या पदार्थांत एक सापळा आहे. निकेल-३-अ‍ॅल्युमिनियममध्ये मोजलेला मोमेंट दर सूत्र-एककाला ०.२३, कॅल्क्युलेशनमध्ये ०.७ च्या आसपास. निकेल-३-गॅलियम प्रयोगात पॅरामॅग्नेटिक आणि कॅल्क्युलेशनमध्ये फेरोमॅग्नेट. हा दोष फंक्शनलच्या साध्या अचूकतेचा नाही. या पदार्थांत स्पिनची चढउतारं इतकी जोरदार असतात की ती सरासरी मोमेंटला खाऊन टाकतात, आणि स्थानिक किंवा अर्धस्थानिक फंक्शनल्समध्ये ती चढउतारं जवळपास नसतातच. त्यामुळे एखाद्या फंक्शनलने निकेल-३-अ‍ॅल्युमिनियमला बरोबर ०.२३ दिला, तर मी टाळी वाजवणार नाही. ते लोखंडाचं काय करतंय, हे आधी बघेन. बहुधा तिथे ते मोमेंट दाबून टाकत असेल.

स्कॅन आणि एचएसई असं का करतात? एचएसईचं समजायला सोपं. त्यात हार्ट्री-फॉक एक्स्चेंजचा एक हिस्सा मिसळलेला असतो. धातूत इलेक्ट्रॉन एकमेकांतल्या प्रतिकर्षणावर पडदा टाकतात, हार्ट्री-फॉक एक्स्चेंजला तो पडदा माहीत नसतो. शुद्ध हार्ट्री-फॉकमध्ये तर मुक्त इलेक्ट्रॉन वायूची फर्मी पातळीवरची अवस्था-घनता शून्यावर जाते, धातूला धातूपण राहत नाही. एचएसई लांब पल्ल्याचा भाग कापतं, पण जवळचा पाव हिस्सा डी-इलेक्ट्रॉनांमधलं स्प्लिटिंग फुगवायला पुरेसा असतो. स्कॅनचं थोडं वेगळं. ते गतिज ऊर्जा घनतेवरून ठरवतं की इथे एकाकी ऑर्बिटलसारखी परिस्थिती आहे की धातूसारखी, आणि त्यानुसार सूत्र बदलतं. डी-धातूंत हा निर्देशक दोन्ही स्पिनसाठी वेगळी उत्तरं देतो आणि त्यातून स्प्लिटिंग वाढतं. याचा पुरावा सुंदर आहे: मेखिया-रॉद्रिगेझ आणि ट्रिकी यांनी २०१९ मध्ये तोच निर्देशक ऑर्बिटलऐवजी घनतेच्या लाप्लासियनने (घनतेच्या दुसऱ्या विकलजाने) बसवला, तेव्हा मोमेंटची सूज बरीचशी उतरली. म्हणजे सूज या एका घटकातून येते, संपूर्ण रचनेतून नाही. आरटूस्कॅनने (स्कॅनच्या सुधारित आवृत्तीने) संख्यात्मक खडखडाट कमी केला आहे, पण सूज तशीच ठेवली आहे. "आरटूस्कॅन वापरलं म्हणजे प्रश्न मिटला" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

आता तांत्रिक बाजू. ही लांबवत नाही, पण दोन-तीन गोष्टी टाळता येणार नाहीत. पीबीईच्या बाबतीत वेगवेगळे कोड एकमेकांशी छान जुळतात. २०१६ मध्ये १५ कोड आणि ४० पद्धतींची ७१ मूलद्रव्यांवर तुलना झाली, तिचा निष्कर्षच हा होता. पण ती तुलना पीबीईची होती. स्कॅन चालवताना बहुतेक जण पीबीईसाठी बनवलेलीच पीएडब्ल्यू पोटेन्शियल्स (अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना गोठवून ठेवणारी तयार फाइल) वापरतात, आणि ही विसंगती मोमेंटमध्ये थोडी, ऊर्जेत जास्त दिसते. निदान लोखंडासाठी एक ऑल-इलेक्ट्रॉन (सगळे इलेक्ट्रॉन मोजणारं) कॅल्क्युलेशन करून ती किती आहे ते मोजा. ३पी इलेक्ट्रॉन व्हॅलन्समध्ये घ्या. १९९९ मध्ये क्रेसे आणि जुबेर यांनी पीएडब्ल्यूची तुलना त्याआधीच्या अल्ट्रासॉफ्ट पोटेन्शियल्सशी केली, तेव्हाही मोठे फरक नेमके चुंबकी धातूंत निघाले होते. इतर धातूंत झाकलेलं चुंबकी धातूंत उघडं पडतं.

स्मिअरिंगकडे (फर्मी पातळीजवळ इलेक्ट्रॉनांची भरती मुद्दाम पसरवण्याकडे) दुर्लक्ष नको. निकेलची चुंबकी स्थिरीकरण ऊर्जा पीबीईत दर अणूला ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे. त्यावर ०.२ ची स्मिअरिंग रुंदी लावणं म्हणजे मोजायच्या वस्तूपेक्षा जाड मोजपट्टी घेणं. मोमेंटही अणूच्या गोलातला नको, संपूर्ण पेशीचा (कॅल्क्युलेशनमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या अणूंच्या एककाचा) द्या. गोलांच्या बाहेर एसपी इलेक्ट्रॉनांचं उलट दिशेचं ध्रुवीकरण असतं, आणि गोलाची त्रिज्या बदलली की गोलातला आकडा बदलतो. दोन फंक्शनल्समधला फरक म्हणून लोक चक्क दोन त्रिज्यांमधला फरक छापतात. आणि प्रत्येक बिंदू किमान तीन सुरुवातीच्या मोमेंटनी चालवा. एफसीसी (घनाच्या पृष्ठांवर अणू असलेल्या) लोखंडात कमी आणि जास्त मोमेंटच्या दोन्ही अवस्था एकाच आकारमानाजवळ सापडतात, आणि कोड आपल्याला कुठे नेऊन ठेवेल याचा भरवसा नसतो.

क्रोमियमबद्दल स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी ते एका अणूच्या पेशीत चालवलं, मोमेंट शून्य आला, आणि दोन दिवस खुशीत होतो की फंक्शनलने चुंबकत्व दाबलं. एका अणूच्या पेशीत अँटिफेरोमॅग्नेट (शेजारचे मोमेंट उलट दिशेला असलेला पदार्थ) मावतच नाही! दोन अणूंची पेशी घेतली की पीबीई १ च्या थोडं वर मोमेंट देतं, एलएसडीए स्वतःच्या लॅटिसवर जवळजवळ शून्य, आणि स्कॅन २ च्या आसपास. प्रत्यक्षात क्रोमियममध्ये जालकाशी न जुळणारी स्पिन-घनता लहर आहे, जिचा शिखरावरचा मोमेंट ०.६२. कुठलंही फंक्शनल इथे पास होत नाही, पण प्रत्येकाचं नापास होणं वेगळं असतं, म्हणून यादीत ठेवा. अल्फा-मँगनीजच्या नादी आत्ता लागू नका. ५८ अणूंची पेशी, त्यात स्पिन एकरेषीय नाहीत. ते काम स्वतंत्र आहे.

बंधन ऊर्जेची तुलना मी मुख्य तक्त्यात देत नाही. लोखंडाची ४.२८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, एलएसडीए ६ च्या वर जातं, पीबीई ४.९ च्या आसपास. पण यातली मोठी चूक सुट्या अणूची असते. लोखंडाच्या अणूत ३डी आणि ४एस मध्ये इलेक्ट्रॉन कसे वाटले जातात हेच ही फंक्शनल्स नीट सांगत नाहीत. धातूची परीक्षा घ्यायची आणि गुण अणूचे कापायचे, असं होतं. "पीबीईला यू (डी-इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणाची जादा दुरुस्ती) लावून पाहू का" हा प्रश्न तुमच्याकडून आला नाही, पण मार्गदर्शकाकडून येईल. लोखंड धातूत यू लावला की मोमेंट प्रयोगापासून आणखी दूर जातो. यूची जागा या धातूंच्या ऑक्साइडांमध्ये आहे.

आता तुमच्या जागी मी काय लिहीन. "पीबीई सर्वोत्तम" हे वाक्य मी लिहिणार नाही. लिहीन की लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या मोमेंटमध्ये आणि लोखंडाच्या रचनेत पीबीईची चूक लहान आहे, ती वरच्या दिशेने आहे, आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमसारख्या काठावरच्या पदार्थांत हीच चूक मोठी होते. स्कॅनबद्दल लिहीन की मोमेंटपेक्षा चुंबकी ऊर्जेतली त्याची चूक जास्त मोठी आहे, म्हणून चुंबकी आणि बिनचुंबकी अवस्थांच्या स्थिरतेची तुलना त्याने करू नये. एचएसई या धातूंवर महागही आहे आणि चुकीच्या दिशेनेही जातं, एका परिच्छेदात संपवा.

उद्या सकाळी चालवायचं असेल तर हे: प्रायोगिक लॅटिसवर लोखंड आणि पॅलेडियम, दोन्हींचा फिक्स्ड स्पिन मोमेंट वक्र, पीबीई आणि आरटूस्कॅनमध्ये. एकूण चार वक्र, एचएसईच्या एका रनपेक्षाही स्वस्त. ते एकाच आलेखावर काढा, आणि मग तुमचा तक्ता पुन्हा वाचा.